विकल्प : गाडी निवडल्यानंतरचे दिवस



व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर मला दोन फोन आले. एकाने विचारलं, 'सर, तुम्ही गाड्यांवर कधीपासून बोलायला लागलात?' दुसऱ्याने विचारलं, 'सर, कोणती घेऊ तेवढं सांगा.' दोघांचीही आज निराशा होणार आहे. गाड्यांमधलं मला फार कळत नाही, आणि कोणती घ्यावी हे मी सांगणार नाही. मला बोलायचं आहे ते गाडी निवडून झाल्यानंतरच्या दिवसांबद्दल. शोरूममध्ये पैसे भरले, पावती मिळाली, गाडी तीन-चार महिन्यांनी येणार. निर्णय झालेला आहे. आणि त्याच रात्री माणूस मोबाईल उघडतो आणि जी घेतली नाही त्या गाडीचा व्हिडिओ बघत बसतो. हे का होतं? आणि त्या वेळी मनात येणाऱ्या शंकेचं ऐकावं की नाही? आजचा प्रश्न एवढाच आहे.

प्रश्न किरकोळ नाही. इलेक्ट्रिक गाडी म्हणजे आज बऱ्याच घरांत पंधरा-वीस-पंचवीस लाखांचा व्यवहार आहे. तरुण माणसासाठी ते सात वर्षांचे हप्ते असतात, निवृत्त माणसासाठी फंडातला मोठा लचका असतो. पण पैशाहून आणखी एक गोष्ट पणाला लागते, ती म्हणजे स्वतःच्या निर्णयावरचा विश्वास. महिनोन् महिने विचार करून ठरवलेली गोष्ट आठ दिवसांत डळमळीत वाटायला लागली, की माणूस गाडीवर शंका घेता घेता स्वतःवरच शंका घ्यायला लागतो. तिथे तत्त्वज्ञानाच्या मास्तराला बोलायचा थोडा अधिकार आहे असं मला वाटतं.

एक खरं उदाहरण घेऊ, आपल्या जवळचंच. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी महिंद्र कंपनीने बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या दोन इलेक्ट्रिक गाड्यांचं बुकिंग सुरू केलं. पहिल्याच दिवशी ३०,१७९ बुकिंग झाल्याचं कंपनीने जाहीर केलं. गाड्या बनतात चाकणला. मिळण्याचं वेळापत्रक असं होतं की सर्वांत वरच्या श्रेणीच्या गाड्या मार्चपासून, मधल्या श्रेणीच्या जुलैपासून आणि सर्वांत खालच्या ऑगस्टपासून. म्हणजे मधली श्रेणी घेणाऱ्याने फेब्रुवारीत ठरवायचं आणि जुलैपर्यंत तरी थांबायचं.

आता या मधल्या काळात काय काय झालं बघा. एप्रिलच्या अखेरीस महाराष्ट्र मंत्रिमंडळाने नवं इलेक्ट्रिक वाहन धोरण मंजूर केलं, त्यात टोलमाफीची तरतूद आली. ३ जूनला टाटांनी हॅरिअरची इलेक्ट्रिक आवृत्ती आणली. तिच्या वरच्या प्रकारात दोन मोटर आणि चारही चाकांना ताकद. जुलैच्या मध्यावर मुंबईत टेस्लाचं पहिलं दालन उघडलं. आणि गाडी मिळून जेमतेम महिना-दोन महिने झाले असतील तोच २२ सप्टेंबरपासून पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांवरचा कर कमी झाला. इलेक्ट्रिकवरचा पाच टक्के होता तसाच राहिला. फेब्रुवारीत निर्णय घेणाऱ्याच्या विचारात काही खोट नव्हती. त्याच्या समोर जे होतं त्यातून त्याने निवड केली. पण त्याची निवड थांबली आणि जग चालत राहिलं. या दोहोंतली फट म्हणजेच ही घालमेल.

यावर दोन उत्तरं लगेच दिली जातात. दोन्ही मला अपुरी वाटतात.

पहिलं उत्तर माझ्या वयाच्या लोकांचं. 'आमच्या काळी बरं होतं हो. स्कूटरला नंबर लावला की वर्षानुवर्षं निवांत.' इथे बसलेल्या पुष्कळांनी बजाजच्या स्कूटरचा नंबर लावलेला असेल. गाडी घ्यायची तर अँबॅसेडर आणि फियाट, फार तर स्टँडर्ड. तेव्हा वाट बघणं आजच्यापेक्षा कितीतरी लांब होतं आणि तरी मनात मॉडेलबद्दल शंका नव्हती, हे खरं आहे. पण तो काही मनाचा मोठेपणा नव्हता. शंका घ्यायला दुसरं काही नव्हतंच. परवाना पद्धतीत कारखान्याने किती गाड्या काढायच्या हे सरकार ठरवायचं आणि माणूस रांगेत उभा राहायचा. ती शांतता नव्हे, तो नाइलाज होता. नाइलाजाला समाधान म्हणणं ही आमच्या पिढीची एक सवय आहे, आणि तरुणांना ती ऐकवू नये.

दुसरं उत्तर सुशिक्षितांचं, जरा नवीन. 'पर्याय फार झाले, म्हणून माणूस दुःखी झाला.' याच्या मागे एक प्रसिद्ध प्रयोग आहे. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी २००० साली तो प्रसिद्ध केला. दुकानात एकदा जॅमचे चोवीस प्रकार मांडले आणि एकदा सहाच. चोवीस होते तेव्हा बघायला गर्दी जास्त, पण विकत घेणारे अगदी थोडे, शेकडा तीनच्या आसपास. सहा होते तेव्हा शेकडा तीस. पुढे बॅरी श्वार्ट्झ यांनी २००४ साली याच विषयावर पुस्तक लिहिलं आणि ही कल्पना सगळीकडे पसरली. ऐकायला पटते. पण २०१० मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. काही ठिकाणी जास्त पर्यायांनी त्रास होतो, काही ठिकाणी उलट बरं वाटतं. म्हणजे नुसत्या संख्येला दोष देऊन भागत नाही.

शिवाय आपल्या उदाहरणाला ते लागूही पडत नाही. वीस-पंचवीस लाखांत, घरच्यांना बसता येईल अशा इलेक्ट्रिक गाड्या भारतात आजही हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्याच आहेत. चोवीस जॅम नाहीत हो तिथे. अडचण पर्यायांच्या संख्येत नाही, त्यांच्या क्रमात आहे. निवड आधी होते आणि पर्याय नंतरही येत राहतात. हा काळाचा प्रश्न आहे, संख्येचा नाही.

म्हणून जरा वेगळ्या दोन प्रयोगांकडे बघू. जॅक ब्रेम यांनी १९५६ साली अमेरिकेत काही स्त्रियांना घरगुती वापराच्या वस्तूंना गुण द्यायला सांगितले. मग त्यांतल्या दोन वस्तूंपैकी एक निवडून घरी न्यायला सांगितलं. निवडीनंतर पुन्हा गुण द्यायला लावले, तर निवडलेली वस्तू आता आधीपेक्षा चांगली वाटू लागली होती आणि सोडलेली आधीपेक्षा कमी. म्हणजे माणसाचं मन निवडीच्या बाजूने उभं राहतं. मग आपल्या गाडीवाल्याचं मन उलट का वागतं?

याचं उत्तर मला दुसऱ्या प्रयोगात सापडतं. डॅनिएल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांनी २००२ साली छायाचित्रण शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना स्वतः काढलेल्या दोन फोटोंपैकी एक ठेवायला सांगितला. काहींना सांगितलं, 'ठरलं ते ठरलं.' काहींना सांगितलं, 'काही दिवस विचार करा, बदलून मिळेल.' ज्यांना बदलायची मुभा होती त्यांना आपला फोटो कमी आवडला. गंमत अशी की लोकांना आधी विचारलं तर बदलण्याची मुभा असलेली बरी असंच ते म्हणतात.

आता दोन्ही जोडून बघा. मन निवडीच्या बाजूने उभं राहतं, पण दार बंद झाल्यावर. बुकिंगची पावती म्हणजे दार लोटलेलं आहे, कडी लावलेली नाही. रद्द करता येतं, रंग बदलता येतो, वरची श्रेणी घेता येते. वस्तू घरात नाही आणि दार उघडं. मनाला टेकायला जागाच नाही.

मग कोणी म्हणेल, रद्द करायची मुभाच नको. असं मी मुळीच म्हणणार नाही. ती मुभा हा ग्राहकाचा हक्क आहे. ती नसती तर विक्रेत्याने आपल्याला वाटेल तसं नाचवलं असतं. जी गोष्ट बाजारात आपलं रक्षण करते तीच मनात आपल्याला अस्वस्थ करते. दोन्ही खरं आहे आणि अस्वस्थता टाळण्यासाठी हक्क सोडणं हा काही शहाणपणाचा सौदा नाही. अस्वस्थता समजून घेणं मात्र आपल्या हातात आहे.

समजून घ्यायला मला आपल्याच भाषेतला एक शब्द उपयोगी पडतो : विकल्प. आज आपण तो 'पर्याय' या अर्थाने वापरतो. पण जुन्या माणसांच्या बोलण्यात 'मनात विकल्प आला' म्हणजे शंका आली, किंतु आला. संकल्प-विकल्प ही जोडी तर सगळ्यांना माहीत आहे. एकाच शब्दात पर्याय आणि शंका दोन्ही नांदतात, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. आणि योगशास्त्रात या शब्दाला तिसराच, नेमका अर्थ आहे. पतंजलीने चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्या : प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा आणि स्मृती. विपर्यय म्हणजे चुकीचं ज्ञान, दोरीला साप समजणं. जवळ जाऊन बघितलं की ते दुरुस्त होतं. विकल्प तसा नाही. शब्दांच्या मागोमाग मनात जे उभं राहतं पण ज्याच्या मागे वस्तूच नसते, तो विकल्प. तिथे जवळ जाऊन बघणार काय? सशाचं शिंग जवळ जाऊन तपासता येत नाही.

तुम्ही म्हणाल, 'सर, दुसरी गाडी तर आहे. रस्त्यावर धावते. ती सशाचं शिंग कशी?' बरोबर. गाडी आहे. पण रात्री अकरा वाजता जिच्यामुळे झोप येत नाही ती रस्त्यावरची गाडी नसते. ती असते 'माझी झाली असती ती गाडी'. माझ्या पार्किंगमध्ये उभी, माझ्या घरच्यांना आवडलेली, एकदाही सर्व्हिस सेंटरला न गेलेली. अशी गाडी जगात कुठेही नाही. आणि थोडं कठोर बोलायचं तर आपण बुक केलेली गाडीही अजून नाहीच. तीही वर्णनातच आहे. म्हणजे हा दोन वर्णनांचा सामना आहे. फरक इतकाच की एका वर्णनाचं बिल आपल्या नावावर आहे.

सामना बरोबरीचाही नसतो. एकदा बुकिंग केलं की माणूस आपल्या गाडीच्या मालकांच्या गटांत शिरतो. तिथे त्याला कळतं की अमक्याच्या गाडीचा पडदा मध्येच काळा होतो, तमक्याच्या दाराला आवाज येतो. हे सगळं बारीकसारीक त्याला आपल्या गाडीबद्दल कळतं, कारण ती आता घरची झाली. दुसऱ्या गाडीबद्दल तो वाचतो काय? जाहिरात आणि पहिल्या दिवसाचा रिव्ह्यू. म्हणजे घरच्या माणसाचे दोष आणि पाहुण्याचे गुण यांची तुलना. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते यालाच. ही तुलना करून जो निष्कर्ष निघतो, त्याला आपण 'आता माझे डोळे उघडले' असं म्हणतो. प्रत्यक्षात एकच डोळा उघडलेला असतो.

आता त्या तुलनेच्या हत्याराकडे वळतो, म्हणजे तक्त्याकडे. आजची माझी मुख्य तक्रार त्याच्याबद्दल आहे. प्रत्येक रिव्ह्यूच्या शेवटी एक तक्ता असतो : बॅटरी, रेंज, ताकद, डिकी, पडद्याची लांबी. तक्ता खोटं बोलत नाही. पण जे मोजता येतं तेवढ्यालाच तो जागा देतो आणि मग जे मोजता येत नाही ते नाहीच असं आपल्याला वाटायला लागतं.

मोजलेल्याचंही काय होतं ते बघा. रेंजचा आकडा येतो ठरावीक चाचणीतून. आपल्याकडे अशी चाचणी करणारी मोठी संस्था एआरएआय, आपल्या पुण्यातच, वेताळ टेकडीवर. गाडी रोलरवर उभी करून ठरलेल्या वेगाच्या आराखड्याप्रमाणे चालवली जाते. आराखड्याचा पहिला भाग शहरी, त्यात कमाल वेग ताशी ५० किलोमीटर. दुसरा भाग शहराबाहेरचा, कमाल ९०. टाटांची कर्व्ह ही इलेक्ट्रिक गाडी ऑगस्ट २०२४ मध्ये आली, तेव्हा तिच्या मोठ्या, ५५ किलोवॉट-तासांच्या बॅटरीच्या प्रकाराची रेंज ५८५ किलोमीटर सांगितली गेली. पुढे दोन्ही भाग धरून आकडा देण्याची पद्धत आली आणि त्याच गाडीचा आकडा ५०२ झाला. आणि कंपनी स्वतःच ग्राहकांना प्रत्यक्षात मिळेल असा अंदाज देते तो ४०० ते ४२५ चा. गाडी तीच. बॅटरी तीच. आकडे तीन, आणि तिन्ही आपापल्या जागी प्रामाणिक. कारण प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारीला १०० ची मर्यादा आहे, म्हणजे चाचणीतल्या कमाल वेगाच्याही वर. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ९० आणि १०० मधला फरक दिसतो त्यापेक्षा जास्त असतो. तरी आपण काय करतो? एका गाडीचा एका पद्धतीचा आकडा आणि दुसरीचा दुसऱ्या पद्धतीचा शेजारी शेजारी लिहितो आणि रात्रभर जागतो.

दुसरं उदाहरण सुरक्षेचं. भारत एनकॅपच्या चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी बीई ६ ला ३२ पैकी ३१.९७ गुण मिळाले आणि एक्सईव्ही ९ई ला ३२ पैकी ३२. दोन्हींना पाच तारे. मी एका सद्गृहस्थांना या ०.०३ बद्दल गंभीरपणे बोलताना ऐकलं आहे. ते स्वतः मागच्या सीटवर पट्टा लावत नाहीत. आता सांगा, सुरक्षेचा प्रश्न तक्त्यात होता की त्यांच्या खांद्यावर?

हसू नका, हे आपल्या सगळ्यांचं होतं. आणि इथेच मला न्यायदर्शनाची आठवण येते. गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यांत तिसरा आहे संशय, चौथा प्रयोजन आणि नववा निर्णय. संशयाला तिथे मानाचं स्थान आहे. संशय हा रोग नाही, विचाराची सुरुवात आहे. संध्याकाळी लांबवर काहीतरी उभं दिसतं, झाडाचं खोड की माणूस? दोघांत साम्य आहे ते दिसतंय, फरक करणारी खूण दिसत नाहीये. खूण दिसली की संशय फिटतो. म्हणजे खऱ्या संशयाच्या दोन अटी आहेत. समोर काहीतरी असलं पाहिजे, आणि तो फिटेल अशी एखादी खूण असली पाहिजे. शिवाय संशयाच्या लगेच पुढे प्रयोजन आहे. मी हे का विचारतो आहे? मला काय करायचं आहे? प्रयोजन नसेल तर खोड आणि माणूस यांत फरक करायची गरजच काय?

माझ्या घरचं सांगतो. मीही सध्या अशाच एका रांगेत आहे. कोणत्या गाडीच्या, ते सांगत नाही, नाहीतर चहाच्या वेळी तेवढंच बोलणं होईल. आमचं प्रयोजन साधं आहे. माझी बहीण साताऱ्याला असते. तिची तब्येत बरी नसते. सकाळी निघून तिला भेटून संध्याकाळी परत यायचं. जाऊन-येऊन साधारण सव्वादोनशे किलोमीटर, वाटेत खंबाटकी. आणि आमच्या हिचे गुडघे दुखतात, तेव्हा सीट अशी हवी की वाकून खाली बसावं लागू नये आणि उडी मारून वर चढावं लागू नये. नातवाने एक तक्ता करून दिला, बेचाळीस ओळींचा. फार मेहनतीने केला होता पोराने. त्यात 'गुडघे' अशी ओळ नव्हती. मग आम्ही काय केलं? ही तीन शोरूममध्ये जाऊन प्रत्येक गाडीत पाच-पाच वेळा बसली आणि उठली. विक्रेता मुलगा बिचारा गोंधळला. पण आमच्या दृष्टीने खूण तीच होती. खोड की माणूस, ते तिथे कळलं.

त्यानंतर मला ५०२ आणि ५८५ मधला फरक बघून झोप उडण्याचं कारण उरलं नाही. सव्वादोनशेच्या प्रवासाला चारशेची गाडी पुरते. हर्बर्ट सायमन यांनी १९५० च्या दशकात एक विचार मांडला, पुढे १९७८ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं असं की खरा माणूस सर्वोत्तम शोधत बसत नाही. आपली गरज ठरवतो आणि ती भागवणारी गोष्ट सापडली की थांबतो. 'पुरेसं' शोधतो. मला हे मान्य आहे, पण एक पुरवणी जोडून. 'पुरेसं' हा शब्द कोण उच्चारतो याला महत्त्व आहे. गिऱ्हाइकाने तो स्वतःच्या प्रयोजनाकडे बघून म्हटला तर ते शहाणपण. विक्रेत्याने 'काका, तुम्हाला हे पुरे आहे' असं म्हटलं तर ती विक्री. आणि प्रयोजन ठरवलेलंच नसेल तर 'पुरेसं' कशाला पुरेसं, हेच कळत नाही. मग माणूस 'सर्वोत्तम'कडे जातो, आणि सर्वोत्तम तर दर तीन महिन्यांनी बदलतं.

आता एक अडचणीची गोष्ट सांगतो. आपण शंका घेतो ती बहुतेक वेळा चुकीच्या जागी. इलेक्ट्रिक गाडी सुखाची होईल की डोकेदुखीची, हे पुष्कळदा मॉडेलवर ठरतच नाही. ते ठरतं घरच्या चार्जरवर. सोसायटी एनओसी देते का? आपल्या पार्किंगपर्यंत केबल कुठून न्यायची? महावितरणचं वेगळं मीटर घ्यायचं की घरच्याच मीटरवर? मंजूर लोड पुरेल का? इमारतीची वायरिंग तीस वर्षांची असेल तर काय? या प्रश्नांची उत्तरं मिळवायला कमिटीच्या बैठकीला बसावं लागतं, ज्यांच्याशी पाण्याच्या टाकीवरून भांडण झालेलं आहे त्यांच्याशी गोड बोलावं लागतं. ते अवघड आहे. व्हिडिओ बघणं सोपं आहे. म्हणून खरी काळजी असते चार्जरची, आणि तीच रात्री मॉडेलची शंका बनून येते. मन अवघड प्रश्नाच्या जागी सोपा प्रश्न ठेवतं आणि मग त्या सोप्या प्रश्नावर अवघड प्रश्नाएवढी चिंता करतं. वाट बघण्याचे तीन महिने असतातच, तर ते या कामाला लावावेत. निदान त्या शंकेला फिटण्याची खूण तरी आहे : एनओसीच्या कागदावरची सही.

रिव्ह्यू करणाऱ्यांबद्दल दोन शब्द बोललो नाही तर ही टीका अर्धवट राहील. चांगले रिव्ह्यू आहेत, मी स्वतः त्यांतून शिकलो. पण न्यायदर्शनाने चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत ते लक्षात ठेवावेत. सत्य शोधण्यासाठी चाललेली चर्चा म्हणजे वाद. जिंकण्यासाठी चाललेली म्हणजे जल्प. आणि स्वतःची बाजू काहीच न मांडता दुसऱ्याची फक्त मोडत राहायची ती वितंडा. 'या पाच कारणांसाठी ही गाडी घेऊ नका' असं शीर्षक असलं आणि मग काय घ्यावं, कोणी घ्यावं, कशासाठी घ्यावं हे शेवटपर्यंत आलं नाही, तर ती वितंडा. बुकिंग केलेला माणूस वितंडेला सर्वांत सोपं सावज आहे, कारण त्याच्याकडे मोडण्यासारखी एक बाजू आहे. ज्याने काहीच ठरवलं नाही त्याचं कोण काय मोडणार? आणि म्हणून काहीच न ठरवणारा माणूस शहाणा दिसतो. दिसतो, एवढंच. बहिणीला भेटायला तो अजून एसटीच्या थांब्यावर उभा आहे.

मग निर्णय कधीच बदलू नये का? असं नाही. 'एकदा ठरलं की ठरलं' हाही एक हट्टच आहे आणि त्याला निश्चयाचं नाव देण्यात अर्थ नाही. मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो. एक, माझं प्रयोजन बदललं आहे का? घरात आजारपण आलं, बदली झाली, नोकरी गेली, तर बुकिंग बेलाशक रद्द करावं, त्यात कमीपणा नाही. दोन, वस्तूबद्दल नवी माहिती आली आहे का, की फक्त नवा आकडा आला आहे? गाडीत एखादा धोकादायक दोष उघड झाला, मिळण्याची तारीख वर्षभर पुढे गेली, ही माहिती. दुसऱ्या कंपनीने पडदा दोन इंच वाढवला, हा आकडा. तीन, ही शंका एखाद्या प्रत्यक्ष कृतीने फिटू शकते का? फिटत असेल तर ती कृती करावी, जाऊन गाडी चालवून बघावी, आणि मग जे दिसेल ते मानावं. तिन्हींना उत्तर 'नाही' असेल, तर तो संशय नव्हे, विकल्प आहे. त्याच्याशी युक्तिवाद करू नये. सशाच्या शिंगाची लांबी किती यावर चर्चा होऊ शकत नाही. मोबाईल खाली ठेवावा आणि झोपावं.

वाट कधीकधी वायाही जाते, हेही मान्य केलं पाहिजे. २०१६ साली टेस्लाच्या मॉडेल ३ साठी भारतातूनही काही जणांनी हजार-हजार डॉलर भरले. नऊ वर्षांनी, २०२५ मध्ये, टेस्लाने भारतात विक्री सुरू केली ती मॉडेल वाय या वेगळ्याच गाडीची, आणि किंमत साठ लाखांच्या आसपास. त्या लोकांचं चुकलं कुठे? मॉडेल निवडण्यात नव्हे. ज्या गाडीचा इथला रस्ता, किंमत, दुरुस्ती, काहीच ठरलेलं नव्हतं तिच्यासाठी पैसे भरले होते. ते वर्णनालाच वस्तू समजणं होतं. ज्याने ते हौस म्हणून केलं त्याला काही म्हणायचं नाही. पण ज्याने त्या भरवशावर नऊ वर्षं दुसरी गाडी घेतली नाही, त्याने विकल्पाची किंमत मोजली.

शेवटचा मुद्दा. गाडी दारात येते तेव्हा काय होतं? सगळे म्हणतात शंका संपतात. माझं मत जरा वेगळं आहे. शंका संपत नाहीत, त्यांची जात बदलते. आता दाराचा आवाज येतो की नाही हे ऐकता येतं. घाट चढताना बॅटरी किती उतरली, उतरताना किती परत मिळाली, हे डोळ्यांनी दिसतं. वस्तू समोर आहे, खूण शोधता येते. काही गोष्टी मनाविरुद्ध निघतील, त्या निघोत. खऱ्या दोषाचा त्रास हा कल्पनेतल्या गुणाच्या त्रासापेक्षा पुष्कळ बरा. खऱ्या दोषासाठी सर्व्हिस सेंटरला जाता येतं. 'माझी झाली असती' त्या गाडीसाठी जगात कुठेही सर्व्हिस सेंटर नाही.

तेव्हा ज्यांचं बुकिंग झालेलं आहे त्यांना एवढंच सांगतो. तुमच्या शंकेला आधी तिचं प्रयोजन विचारा. तिने सांगितलं तर तिचं ऐका. नाही सांगितलं, तर कमिटीच्या सेक्रेटरीला फोन करून एनओसीचं कुठवर आलं ते विचारा.

आता प्रश्न घेऊ. फक्त 'कोणती घेऊ' एवढं सोडून काहीही विचारा.